कडेला उभी राहणारी पहिलारू : निफाड तालुक्यातील एका मुक्त संचार गोठ्याचा प्रकरण अभ्यास

निफाड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने आपल्या संकरित गायींचा दावणीचा गोठा मोडून मुक्त संचार गोठा, म्हणजे गायी न बांधता कुंपणात मोकळ्या ठेवण्याचा गोठा, करायचे ठरवले. त्याच सुमारास नाशिकच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने तो गोठा आपल्या संशोधन प्रकल्पासाठी निवडला. मार्गदर्शक या नात्याने मी हा प्रकल्प आरंभापासून तोंडी परीक्षेपर्यंत पाहिला. प्रकल्प लहान होता, त्याला निधी नव्हता आणि त्यातून निघालेले निष्कर्ष एका गोठ्यापुरतेच होते. तरीही प्राणी कल्याणाचा अभ्यास नेमका कशाचा अभ्यास असतो हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही, म्हणून ते येथे सविस्तर मांडत आहे. कुटुंबाच्या आणि विद्यार्थिनीच्या इच्छेनुसार गावाचे व माणसांचे नाव दिलेले नाही. गोठ्यातील नोंदींचे आकडेही मुद्दाम दिलेले नाहीत, कारण एका गोठ्याचा आकडा त्याच्या परिस्थितीपासून सुटा झाला की तो लगेच सगळ्या गोठ्यांचा म्हणून वापरला जातो, आणि तसे व्हायला नको.

गोठा

कुटुंबाची द्राक्षबाग आहे, थोडा ऊस आहे आणि डझनभर एचएफ (होल्स्टीन फ्रिझियन) संकरित गायी आहेत. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि तोही पावसाच्या व थंडीच्या लहरीवर अवलंबून असतो, त्यामुळे घरखर्च चालतो तो दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पगारावर. जुन्या गोठ्यात सिमेंटचा कोबा, समोर पक्की गव्हाण आणि आखूड दावे अशी रचना होती. गायींना दिवसातून ठरलेल्या वेळी बादलीने पाणी पाजले जाई. गायींच्या पुढच्या गुडघ्यांवर घट्टे पडले होते, दगडीचा, म्हणजे कासेच्या सुजेचा, त्रास अधूनमधून होत असे आणि कोणती गाय माजावर आली आहे हे कळायला उशीर होई, म्हणून वेत लांबत असे. शेजारच्या गावांत मुक्त संचार गोठे झालेले कुटुंबाने पाहिले होते. रोजचे शेण उचलण्याचे कष्ट कमी होतात, गाय हवे तेव्हा पाणी पिते आणि माज ओळखणे सोपे जाते, ही त्यामागची व्यवहारी कारणे होती. गायींविषयीची मायाही होतीच, पण मालकांनी ती कारण म्हणून पुढे केली नाही.

या भागात गोठा मोकळा सोडायचा म्हटले की पहिला विचार येतो तो बिबट्याचा. गोदावरी आणि कादवेच्या काठच्या उसात बिबट्याचा वावर आहे आणि वासरू उचलून नेल्याच्या बातम्या गावोगाव ऐकायला मिळतात. त्यामुळे नव्या गोठ्यासाठी आखलेल्या खर्चाचा मोठा भाग उंच तारेच्या जाळीवर गेला. उरलेल्या पैशात मधोमध पत्र्याचे एक छप्पर, एका बाजूला सलग गव्हाण आणि छपराच्या तोंडाशी पाण्याचा एकच हौद एवढे बसले. हा तपशील ध्यानात ठेवावा. जाळी भक्कम झाली, पण सावली एक आणि पाणीही एकाच ठिकाणी, अशी ही रचना पैशाच्या हिशेबातून आली होती. पुढचे सगळे प्रकरण तिच्याभोवती फिरते.

दावणीविषयी एक गोष्ट येथेच नोंदवतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 मध्ये जनावराला गैरवाजवी काळ, गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने अथवा दोराने बांधून ठेवणे ही क्रूरता मानली आहे. म्हणजे दाव्याची लांबी हा कायद्याने दखल घेतलेला विषय आहे. ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने 1965 साली पाळीव जनावरांसाठी ज्या किमान अपेक्षा मांडल्या, त्याही याच प्रकारच्या होत्या: जनावराला उभे राहता यावे, बसता यावे, वळता यावे, स्वतःचे अंग स्वच्छ करता यावे आणि पाय ताणता यावेत. पुढे 1979 मध्ये त्यातून पाच स्वातंत्र्यांची (भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व आजार आणि भीती यांपासून मुक्तता, तसेच स्वाभाविक वागण्याची मोकळीक) मांडणी झाली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींच्या निकालात तिचा आधार घेतला. आखूड दाव्यावरच्या गायीला यांतील वळणे आणि पाठीकडचे अंग चाटणे या दोन गोष्टी जवळपास अशक्य असतात.

प्रश्न कसा घडला

विद्यार्थिनीने आणलेला पहिला प्रश्न असा होता: मुक्त संचार गोठ्यात गायी अधिक आनंदी असतात का? प्राणिशास्त्राच्या विभागात असा प्रश्न आला की तो अशास्त्रीय म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे. मला ती प्रथा मान्य नाही. गायीला सुखदुःख असते हे आपण गृहीत धरतो म्हणूनच तिच्या कल्याणाची चर्चा करतो. ते सुखदुःख थेट दिसत नाही म्हणून प्रश्नच सोडून द्यायचा, तर मग उरते ते केवळ दुधाचे गणित. प्रश्न टिकवायचा आणि त्याच्याकडे जाण्याचा मोजता येईल असा रस्ता शोधायचा, हेच या विद्याशाखेचे काम आहे.

कॅनडातील डेव्हिड फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवून दिले होते की प्राणी कल्याणाबद्दल बोलणारी माणसे बहुधा तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. काहींच्या दृष्टीने कल्याण म्हणजे निरोगी शरीर, चांगली वाढ आणि चांगले उत्पादन. काहींच्या दृष्टीने भीती, वेदना, समाधान यांसारख्या भावस्थिती. तर काहींच्या दृष्टीने त्या जातीच्या स्वभावाला साजेसे जगणे. आमच्या प्रकरणात ही तिन्ही मते अक्षरशः एका गव्हाणीपाशी उभी होती. मालक दूध, फॅट आणि औषधाचा खर्च पाहत होते. विद्यार्थिनीला मोकळे फिरणे हेच कल्याण वाटत होते. मालकांच्या पत्नी, ज्या दोन्ही वेळच्या धारा काढत आणि ज्यांना विद्यार्थिनी काकू म्हणत असे, त्या प्रत्येक गायीच्या स्वभावाविषयी बोलत: ही भित्री आहे, ती हावरी आहे, म्हातारी कुणाला जवळ येऊ देत नाही. यांपैकी कोणतेही मत चुकीचे नाही. मात्र ती एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही, हे आधी समजून घेतल्याशिवाय मोजमाप सुरू करण्यात अर्थ नव्हता.

बऱ्याच चर्चेनंतर मुख्य मोजमाप म्हणून आम्ही गायीचे बसणे निवडले. दुभती गाय दिवसाकाठी साधारण 10 ते 12 तास बसते आणि 7 ते 8 तास रवंथ करते, ज्याचा बराच भाग बसूनच होतो. वेळ अपुरा पडला तर गाय खाण्याचा वेळ कमी करून बसण्याचा वेळ वाचवू पाहते, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. बसणे तिच्या लेखी किती महत्त्वाचे आहे, हे ती अशा प्रकारे स्वतःच सांगते. शिवाय बसण्या-उठण्याची पद्धतही बोलकी असते. गाय उठताना आधी मागचे पाय उचलते आणि त्यासाठी मान व धड पुढे झोकते. समोर गव्हाण आणि गळ्यात आखूड दावे असले की हा झोक घेता येत नाही, आणि काही गायी घोड्यासारख्या आधी पुढच्या पायांवर उठू लागतात. बसण्यापूर्वी जमीन हुंगणे, गुडघा वाकवून पुन्हा सरळ करणे, असे बराच वेळ चालले तर ती जागा तिला बसण्याजोगी वाटत नाही असे समजायला आधार मिळतो. या साऱ्या गोष्टी मोजता येतात आणि त्यांसाठी गायीला हातही लावावा लागत नाही.

मूळ आराखड्यात एक गंभीर अडचण होती. दावणीतल्या नोंदी थंडीत आणि मोकळ्या गोठ्यातल्या नोंदी उन्हाळ्यात होणार होत्या. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे किमान तापमान काही वर्षी 5 अंशांच्याही खाली जाते, आणि याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या आसपास असतो. एचएफ ही थंड हवामानातली जात आहे. उकाडा वाढला की या रक्ताच्या गायी अंगाला वारा लागावा म्हणून अधिक वेळ उभ्या राहतात. म्हणजे गोठा सुधारला तरी केवळ ऋतू बदलल्यामुळे बसण्याचा वेळ घटलेला दिसला असता, आणि नवा गोठा वाईट असा उलटा निष्कर्ष निघाला असता. यावर उपाय म्हणून शेजारच्या वस्तीवरचा, अजून दावणीचाच असलेला आणि त्याच प्रकारच्या गायींचा गोठा तुलनेला घेतला, दोन्हीकडे त्याच ऋतूत आणि त्याच वेळांना नोंदी केल्या, आणि कोरड्या व ओल्या फुग्याच्या तापमापकावरून उष्णता-आर्द्रता निर्देशांक काढला. हा निर्देशांक 72 च्या वर गेला की दुभत्या गायींवर उष्णतेचा ताण येऊ लागतो असे पूर्वापार मानले जाते. जास्त दुधाच्या गायींसाठी ही मर्यादा 68 पर्यंत खाली आणावी असे नंतरच्या अभ्यासांचे म्हणणे आहे.

याने ऋतूची अडचण बरीचशी सुटली, पण दुसरी उरलीच. एका गोठ्यातल्या डझनभर गायी म्हणजे डझनभर स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्यांचा चारा एक, माणसे तीच, छप्पर एकच. एकीचे वागणे दुसरीवर परिणाम करते. गोठ्यांची तुलना करायची तर आमच्याजवळ पुरावे दोनच होते. हे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच लिहायला मी सांगितले आणि विद्यार्थिनीने ते लिहिले.

नोंदी

निरीक्षणाला बसण्याआधी वर्तनसूची तयार केली. प्रत्येक वर्तनाची व्याख्या अशी हवी, की ती वाचून गोठा कधीही न पाहिलेल्या माणसानेही तीच नोंद करावी. ‘बसलेली’ म्हणजे छातीचा किंवा कुशीचा भाग जमिनीला टेकलेला. ‘रिकामी उभी’ म्हणजे चारही पाय टेकलेले असून खाणे, पिणे, रवंथ किंवा चाटणे यांपैकी काहीही चालू नसलेली. ‘हुसकावणे’ म्हणजे एका गायीने दुसरीला ढुशी मारून किंवा अंगाने रेटून जागेवरून हलवणे. नोंदीच्या पद्धती वर्तनशास्त्रज्ञ जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे होत्या: ठरावीक अंतराने सर्व गायींवर नजर फिरवून त्या क्षणी प्रत्येक गाय काय करते ते लिहायचे, आणि वेगळ्या वेळी एकेका गायीचा सलग पाठपुरावा करायचा. जे ठळक दिसेल तेवढेच लिहिण्याची सवय सर्वांत घातक असते, कारण भांडणे डोळ्यांत भरतात आणि मुकाट उभे राहणे भरत नाही. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने काही नोंदी स्वतंत्रपणे केल्या आणि दोघांच्या नोंदी किती जुळतात हे कोहेन यांच्या कप्पा गुणांकाने तपासले. पहिल्या तपासणीत ‘रिकामी उभी’ या नोंदीवर दोघांचे पटले नाही, कारण लांबून रवंथ ओळखता येत नव्हता. मग बसण्याची जागा बदलली आणि पुन्हा तपासणी केली.

रात्रीचे निरीक्षण बिबट्यामुळे प्रत्यक्ष करणे शक्य नव्हते, म्हणून छपराच्या खांबावर कॅमेरा बसवला. अनोळखी माणूस आल्यावर गायी बिचकतात, तेव्हा सुरुवातीचा काही काळ विद्यार्थिनी नोंदवही न उघडता नुसती बसून राहिली. मालकांना त्याचे नवल वाटले. ‘ताई, लिहीत तर काही नाही तुम्ही,’ असे त्यांनी विचारलेही. गायींनी तिच्याकडे पाहणे सोडल्यावरच नोंदी सुरू झाल्या. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी असणारी परवानगीची चौकट अशा केवळ पाहण्याच्या अभ्यासापेक्षा वेगळ्या कामांसाठी आहे, तरीही कुटुंबाची लेखी संमती घेतली आणि एक नियम आधीच ठरवला: एखादी गाय आजारी किंवा जखमी दिसली तर नोंदी बिघडल्या तरी चालतील, पण मालकांना तत्काळ सांगायचे. निरीक्षक म्हणून तटस्थ राहण्याच्या नावाखाली वेदना पाहत बसणे या विषयात बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरासरीत हरवलेली गाय

पहिला आढावा सर्वांना आनंद देणारा होता. मोकळ्या गोठ्यातल्या गायींचा बसण्याचा सरासरी वेळ शेजारच्या दावणीच्या गोठ्यापेक्षा जास्त होता; बसण्यापूर्वीची चुळबुळ कमी होती; गायी एकमेकींना चाटत होत्या, जे दावणीत शेजारणीपुरतेच शक्य असते. एकूण दूधही थोडे वाढले होते. येथेच थांबले असते तर प्रबंध पूर्ण झाला असता आणि चांगले गुणही मिळाले असते.

विद्यार्थिनी मात्र सरासरीवर थांबली नाही. तिने प्रत्येक गायीची ओळ वेगळी काढून पाहिली, आणि एक ओळ बाकीच्या ओळींच्या उलट जात होती. ही पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली गाय होती, याच गोठ्यात जन्मलेली. तिचा बसण्याचा वेळ मोकळ्या गोठ्यात आल्यावर घटला होता. ती दिवसाचा मोठा भाग उसाच्या बाजूच्या जाळीला लागून उभी असे, आणि त्यातला बराचसा भाग ‘रिकामी उभी’ या रकान्यात पडला होता. ती पाणी पीत असे भर दुपारी, म्हणजे बाकीच्या गायी छपराखाली रवंथ करत बसलेल्या असताना, उन्हातून चालत येऊन. संध्याकाळच्या धारेनंतर, जेव्हा गायीला सर्वांत जास्त तहान असते, तेव्हा ती हौदाच्या दिशेने निघे, वाटेत थांबे आणि परत जाळीपाशी जाई.

मालकांचे म्हणणे होते की तिला तिकडचा वारा आवडतो. ‘ताई, ती उभी राहते म्हणून काय झालं? चारा तर खाते की.’ हे म्हणणे फेटाळण्याजोगे नव्हते, कारण उकाड्यात गाय वाऱ्याला उभी राहतेच. काकूंचे म्हणणे वेगळे होते: ‘ती म्हातारीला भिते. म्हातारीने नुसती मान वळवली तरी बास.’ आमच्या नोंदींत मात्र त्या दोघींमध्ये हुसकावण्याच्या घटना जवळजवळ नव्हत्या. कारण व्याख्येत ढुशी आणि रेटणे एवढेच धरले होते; नुसती मान वळवल्यावर समोरची गाय मागे फिरली तर ती कुठेच लिहिली जात नव्हती. काकूंच्या त्या एका वाक्यावरून व्याख्या वाढवली आणि कॅमेऱ्यातले चित्रण पुन्हा पाहिले. म्हातारी गाय छपराच्या तोंडाशी, हौदाजवळ आडवी बसत असे. पहिलारू जवळ आली की ती उठतही नसे. मान वळवे, कान मागे घेई, आणि पहिलारू परत फिरे. कळपातले स्थान एकदा ठरले की बहुतेक वेळा भांडणाची गरज उरत नाही, हे वर्तनशास्त्राला जुने आहे. म्हणूनच शांत दिसणारा गोठा सर्वांसाठी सुखाचा असतो असे समजू नये.

वर्तनशास्त्रज्ञ निको टिनबर्गेन यांनी 1963 मध्ये सांगितले होते की कोणत्याही वर्तनाला ‘का’ असे चार वेगवेगळ्या अर्थांनी विचारता येते: ते आत्ता कशाने घडते, त्या प्राण्याच्या आयुष्यात ते कसे घडत गेले, त्याचा त्याला उपयोग काय आणि ते त्या जातीत आले कसे. वर्गात ही यादी पाठ होते आणि विसरली जाते. येथे ती उपयोगी पडली. आत्ताचे कारण होते म्हातारीची मान आणि एकच वाट. उपयोग उघड होता: अंगाने लहान आणि दुधाचा भार पहिल्यांदाच सोसणाऱ्या गायीने मार खाण्यापेक्षा बाजूला राहणे शहाणपणाचे आहे. कळपात राहणाऱ्या पूर्वजांकडून आलेली उतरंड हे चौथ्या प्रश्नाचे उत्तर. सर्वांत महत्त्वाचा ठरला दुसरा प्रश्न. ही पहिलारू वासरू असल्यापासून गोठ्याच्या टोकाला एकटी बांधलेली होती. इतर कालवडींबरोबर हुंदडणे, ढुशा देणे, थोरल्या गायीचा इशारा कितपत गंभीर आहे हे शिकणे, यांतले काहीच तिच्या वाट्याला आले नव्हते. वासरांना जोडीने वाढवले तर ती पुढे नव्या परिस्थितीला आणि नव्या सोबत्यांना अधिक सहज सामोरी जातात, हे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठासह अनेक ठिकाणच्या संशोधनातून दिसलेले आहे. म्हणजे तिची अडचण मोकळ्या गोठ्यात उघडी पडली, पण तिची सुरुवात दावणीतच झाली होती.

पशुवैद्यकांनी तिला तपासले. आजार नव्हता, खुरे ठीक होती, पण वजन थोडे उतरले होते. दीर्घकाळ उभे राहणाऱ्या गायींना पुढे खुरांचे विकार होण्याचा धोका वाढतो, तेव्हा ‘आजारी नाही’ या शेऱ्यावर समाधान मानणे म्हणजे आजाराची वाट पाहत बसणे झाले असते. दुधाच्या हिशेबातही ती दिसत नव्हती, कारण संकलन केंद्रावर सगळ्यांचे दूध एकत्र जाते.

गायीला विचारणे

आता आमच्यापुढे दोन स्पष्टीकरणे होती, वाऱ्याचे आणि भीतीचे, आणि दोन्ही वर्तनाशी जुळत होती. अशा वेळी माणसांनी आपसात मत ठरवण्यापेक्षा जनावरालाच निवड देऊन पाहावे, ही पद्धत या विषयाने कोंबड्यांकडून शिकली. ब्रॅम्बेल समितीने पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी जाळी नको, तिने पायांना त्रास होतो, असे मत दिले होते. ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी 1973 मध्ये कोंबड्यांनाच निवड करू दिली, तेव्हा त्यांनी समितीने सुचवलेल्या जाड जाळीपेक्षा नेमकी ती बारीक जाळी पसंत केली. समितीचा हेतू चांगलाच होता. तिने विचारले मात्र चुकीच्या जाणकारांना.

आम्ही केलेला बदल खर्चाचा नव्हता. अर्धे कापलेले प्लास्टिकचे पिंप पाण्यासाठी जाळीच्या बाजूला ठेवले आणि त्यावर व शेजारच्या जागेवर शेडनेट बांधली, पण शेडनेटची जागा वाऱ्याच्या वाटेतून मुद्दाम आत घेतली. पहिलारू वाऱ्यासाठी उभी राहत असेल तर तिने जाळीपाशीच राहायला हवे होते. भीतीमुळे राहत असेल तर म्हातारीपासून दूर असलेल्या सावलीकडे आणि पाण्याकडे यायला हवे होते.

पाण्याचे उत्तर लगेच मिळाले. पिंप ठेवले त्याच संध्याकाळी धारेनंतर ती तेथे प्यायली आणि त्यानंतर तिचे भर दुपारचे हौदावर जाणे थांबले. बसण्याचे उत्तर सावकाश आले. आरंभी ती शेडनेटखाली नुसती उभी राहत असे. मग थोडा वेळ बसू लागली. आणि हळूहळू तिच्या बसण्याचा वेळ इतर गायींच्या जवळ आला. म्हातारी गाय मधूनच फेरी मारून नवी जागाही आपल्या ताब्यात घेई, पण तिला दोन ठिकाणी एकाच वेळी बसता येत नव्हते, आणि तेवढी फट पहिलारूला पुरेशी होती. दुसऱ्या एका मधल्या स्थानावरच्या गायीनेही नवे पाणी वापरायला सुरुवात केली. ती आधी कुणाच्या ध्यानातही आलेली नव्हती. रात्री मात्र पहिलारू अजूनही काही वेळ जाळीपाशी उभी राहते आणि त्याचे कारण आम्हाला सापडलेले नाही.

हा प्रयोग एका गायीवरचा होता. मागेपुढे असा बदल करून पुन्हा पाहण्यासाठी, म्हणजे पिंप काढून घेऊन ती पूर्वस्थितीला जाते का हे तपासण्यासाठी, पद्धतीच्या दृष्टीने सबळ कारण होते. आम्ही ते केले नाही. वैशाखातल्या उन्हात तहानलेल्या गायीसमोरून पाणी काढून मिळणारा पुरावा मला नको होता, आणि प्रबंधात ती उणीव कारणासह नोंदवली आहे.

तोंडी परीक्षा

बहिःस्थ परीक्षकांनी विचारले, मग दावणीचा गोठाच या गायीसाठी बरा होता असे तुमचे म्हणणे आहे का? विद्यार्थिनीने दिलेले उत्तर मला मोलाचे वाटते. दावणीत या पहिलारूला स्वतःची गव्हाण, स्वतःचे पाणी आणि स्वतःची जागा वादाविना मिळत होती, हा दावणीचा खरा गुण आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण तेथे ती वळू शकत नव्हती, पाठ चाटू शकत नव्हती, नीट उठू शकत नव्हती आणि इतर गायींशी कसे वागावे हे शिकूही शकत नव्हती. मोकळ्या गोठ्यात तिने जे गमावले ते परत देण्यासाठी एक पिंप आणि शेडनेट पुरले. दावणीत जे गमावले ते दावणीत राहून देता आले नसते. गोठा मोकळा करताना पाणी व सावली किमान दोन ठिकाणी, एका गायीला दोन्ही अडवता येणार नाहीत इतक्या अंतरावर असावी, एवढी एकच शिफारस तिने केली. तीसुद्धा या गोठ्यापुरती, असे म्हणूनच.

नाशिक परिसरातून या विषयाकडे वळू पाहणारे विद्यार्थी मला विचारतात की यासाठी परदेशी जावे लागते का. केंब्रिजमध्ये प्राणी कल्याणाचे पहिले प्राध्यापकपद 1986 साली निर्माण झाले आणि एडिंबरोसारख्या विद्यापीठांत स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, हे खरे. आपल्याकडे वाटा विखुरलेल्या आहेत: पशुवैद्यकीय पदवीत पशुधन व्यवस्थापनाच्या अंगाने हा विषय येतो, आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जीवविज्ञान अभ्यासक्रमातील ‘उत्क्रांती आणि वर्तन’ या अकराव्या घटकातून त्याची सैद्धांतिक बाजू भेटते. पशुवैद्यकाला वर्तनाची शिस्त आणि प्राणिशास्त्रज्ञाला जनावराच्या आजाराची जाण कमी पडते, म्हणून दोघांनी एकत्र काम करावे असा माझा आग्रह असतो. या प्रकल्पात पशुवैद्यकांच्या तपासणीविना आमचे भीतीचे स्पष्टीकरण लंगडे राहिले असते.

कुटुंबाने आता दोन कालवडी एकाच कप्प्यात ठेवल्या आहेत. पुढे त्यांना कळपात सोडायचे ते दोघींना एकाच दिवशी, असे काकूंनी ठरवले आहे, आणि त्या दिवसापासूनच्या नोंदी पुढच्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून घेतल्या आहेत. जोडीने वाढलेल्या कालवडी म्हातारीच्या इशाऱ्याला कसा प्रतिसाद देतात आणि कळपात शिरताना एकमेकींचा आधार घेतात का, एवढाच त्याचा प्रश्न आहे. वर्तनसूचीत मान वळवण्याची नोंद या वेळी पहिल्या दिवसापासून आहे.